एका घराला एक थैली

क्रोशाच्या सुईवर घरी विणलेली बाजाराची थैली ही उपयोगाची वस्तू आहे की निव्वळ हौस, यावर दोन समंजस माणसांचा वाद होऊ शकतो, आणि दोघांच्याही बाजूने पुरावा निघतो. म्हणून तो वाद इथे दोघांच्या तोंडी घातला आहे. एक मावशी, अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरची; तिच्या घरचे दाराचे तोरण, टीव्हीवरचा रुमाल आणि आता भाजीची थैली, सगळे क्रोशाचे. दुसरा तिच्या बहिणीचा मुलगा, अमरावतीत अभियांत्रिकीला असलेला, हिशेब मांडल्याशिवाय मान न डोलावणारा. दोघे कल्पित आहेत. त्यांची मते मात्र वऱ्हाडात घरोघरी ऐकू येतात. रिद्धपूर निवडले तेही उगाच नाही. महानुभाव पंथाचे हे महास्थान, गोविंदप्रभूंचे आणि महदंबेच्या धवळ्यांचे गाव. लीळाचरित्रात हीच महदंबा चक्रधरस्वामींना शंकेवर शंका विचारताना दिसते, आणि तिच्या शंकांना मान मिळतो. २०२४ पासून मराठी भाषेचे विद्यापीठही इथेच सुरू झाले. शिवार पाहावे तर कुठे पऱ्हाटी, कुठे संत्र्याच्या बागा: थैलीचा कापूस आणि थैलीतला माल, दोन्ही इथल्या मातीतले. थैलीवर वाद घालायचा तर यापेक्षा योग्य जागा मला सुचत नाही.

भाच्याचा पहिला मुद्दा आकड्यांचा आहे आणि तो हलका नाही. "मावशी, थैली देखणी आहे, पण सुती आहे म्हणून ती आपोआप चांगली ठरत नाही," तो म्हणतो. "डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली निरनिराळ्या पिशव्यांचा तयार होण्यापासून नष्ट होण्यापर्यंतचा हिशेब काढला. साधी सुती पिशवी हवामानाच्या निकषावर प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला किमान ५२ वेळा वापरावी लागते. सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. त्याआधी २०११ मध्ये ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने सुती पिशवीला १३१ फेऱ्या सांगितल्या होत्या. आता तूच सांग, तू सात हजार वेळा बाजारात जाणार आहेस का?" रोज एक फेरी धरली तरी ७,१०० फेऱ्यांना साडेएकोणीस वर्षे लागतात. तेव्हा हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. 'कापड चांगले, प्लास्टिक वाईट' एवढेच म्हणून थांबणाऱ्याने त्याला तोंड दिलेच पाहिजे.

मावशी आकडे नाकारत नाही. ती दुसरेच विचारते. "बाबू, आकडे खोटे नसतील. पण तिथं पन्नी वापरून झाली का जाते कुठं, ते पाह्यलं का तू? आपल्या इथं तं ते नालीत जाते, वावरात उडते, अन् ढोराच्या पोटात जाते." तिने बोट ठेवले आहे ते नेमके त्या अहवालाने बाजूला ठेवलेल्या गोष्टीवर. डेन्मार्कमध्ये दुकानातली पिशवी घरी कचऱ्याच्या डब्याला लावली जाते, मग कचऱ्यासह भट्टीत जळते आणि त्या उष्णतेतून ऊब आणि वीज मिळते. रस्त्यावर, शेतात सांडणारे प्लास्टिक तिथे नगण्य मानून हिशेबात धरलेलेच नाही. त्या देशापुरते ते बरोबर असेल. वऱ्हाडातल्या गावाला अशी भट्टी नाही. इथे पन्नीचा वापर दुकानापासून घरापर्यंत, दहा मिनिटांचा, आणि तिचा मुक्काम मात्र कित्येक वर्षांचा. भाजीची साले भरून फेकलेली पन्नी गाय पन्नीसकट खाते. तिच्या पोटात ती पचत नाही, साचत जाते आणि शेवटी गाय चारापाणी सोडते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरात पन्न्यांनी तुंबलेल्या गटारांनी हाच धडा शहराला शिकवला. राज्याने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि दंड ठेवला पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. केंद्राच्या नियमांनुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. हे कायदे आले ते सांडलेल्या, उडालेल्या, अडकलेल्या पन्नीमुळे, म्हणजे ज्याचा त्या आकड्यांत पत्ता नाही त्या नुकसानीमुळे.

७,१०० हा आकडा आला कुठून, तेही पाहायला हवे. तो सगळ्या निकषांची सरासरी नाही. सगळ्यांत वाईट ठरलेल्या एका निकषाचा, ओझोनच्या थरावरील परिणामाचा तो आकडा आहे. सेंद्रिय पिशवीचे २०,००० झाले त्यात तपासलेली पिशवी लहान होती आणि तिच्या दोन धराव्या लागल्या, हेही एक कारण आहे. आपल्यापुढचा खरा प्रश्न मग ५२ किंवा १३१ फेऱ्यांचा उरतो. आठवडी बाजाराला एकच फेरी धरली तर ५२ फेऱ्या एका वर्षात होतात, १३१ अडीच वर्षांत. दिवसाआड भाजी आणायची तर १३१ फेऱ्या नऊ महिन्यांत. जाड सुती दोऱ्याची नीट विणलेली थैली याहून कितीतरी जास्त टिकते. तरीही भाच्याच्या म्हणण्यातला गाभा मी सोडणार नाही. सुती थैली फेऱ्यांचे देणे डोक्यावर घेऊनच घरात येते. खुंटीला टांगून ठेवलेली, शोभेची, 'चांगली आहे म्हणून जपलेली' थैली ते देणे कधीच फेडत नाही, आणि अशा पाच थैल्या घरात असतील तर पर्यावरणाच्या दृष्टीने त्या घराने तोटाच केला आहे. माझा पुढचा सगळा युक्तिवाद याच गोष्टीवर उभा आहे: थैलीची किंमत सुतात नाही, तिच्या फेऱ्यांत आहे.

भाचा आता सुताकडे वळतो. "कापूस म्हणजे पुण्य असं समजू नको, मावशी. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. तुझ्या थैलीच्या धाग्यात ती फवारणीही आहे." हे खरे आहे, आणि ज्या मुलखात ते घडले त्या मुलखाने ते विसरू नये. दीडशे ग्रॅम सुताची थैली धरा. कापसातून वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, बाकी सरकी. कताईतली घट धरली तर एका थैलीमागे अर्धा किलो कापूस लागला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे त्या अर्ध्या किलोचे शेतकऱ्याला साडेसदतीस रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. या साडेसदतीस रुपयांत बियाणे, फवारणी, वेचणी आणि कोरडवाहू शेतीची जोखीम सगळे आले. कापूस इथून बाहेर जायचा आणि त्याचे मोल बाहेर वाढायचे, ही वऱ्हाडची जुनी कहाणी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना तेव्हा या मुलखाचा कापूस तेजीत गेला. पुढे मुर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे शकुंतला रेल्वे धावली तीही कापसासाठीच. इतक्या कष्टाचे आणि जोखमीचे सूत आहे म्हणून ते वापरूच नये, असा भाच्याचा निष्कर्ष. मी त्यातून उलटे काढतो: इतक्या जोखमीचे सूत आहे म्हणून ते एकाच थैलीत घालावे आणि ती थैली झिजेपर्यंत वापरावी.

सूत मात्र खरेच सूत हवे. दुकानात 'लोकर' म्हणून रंगीबेरंगी गुंड्या मिळतात, त्यांपैकी बऱ्याचशा अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच धाग्याच्या असतात. त्यांची थैली विणून प्लास्टिक टाळल्याचे समाधान मानणे ही फसगत आहे; धुताना त्यातून बारीक तंतू सुटतात ते पाण्यातच जातात. हाच प्रकार दुकानदार 'कापडी' म्हणून देतो त्या सळसळत्या पिशवीचा. न विणलेल्या कापडाची ती पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असते, दिसायला कापड आणि जातीने प्लास्टिक. थोड्याच वापरात तिचा भुगा होऊ लागतो. पन्न्यांच्याच पट्ट्या कापून क्रोशाने विणाव्यात, ही भाच्याची सूचना कल्पक आहे, पण पॉलिथिन उन्हात ठिसूळ होते आणि उन्हाळ्यात वऱ्हाडचे ऊन कसे असते हे त्याला सांगायला नको. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या हा त्यापेक्षा केव्हाही चांगला मार्ग.

इथे भाचा सगळ्यात जोरदार हरकत घेतो, आणि मला ती पहिल्या आकड्यांपेक्षाही वजनदार वाटते. "जुन्या पँटची थैली तासाभरात शिवून होते. ना नवं सूत, ना आठ-दहा तास डोळे फोडणं. मग क्रोशा कशाला?" मावशी क्षणभर गप्प राहील असा हा प्रश्न आहे, पण तिचे उत्तर तयार आहे. "पँटची थैली हाये न माह्या घरी. गहू-तांदूळ त्यातच आणतो आम्ही. पण तुह्ये काका वावरातून येताना भाजी घेतात, तवा ते थैली असते घरी खुंटीले. त्यायच्या खिशात मावते का ते?" या उत्तरात क्रोशाच्या थैलीची खरी पात्रता आहे. बाजार बहुतेक वेळा ठरवून होत नाही. वावरातून, कामावरून, तालुक्याहून परतताना होतो, आणि तो करणारा पुष्कळदा पुरुष असतो. जाड कापडाची थैली सोबत नेलेली नसते, म्हणून पन्नी घ्यावी लागते. जाळीची क्रोशा थैली चुरगळून मुठीत मावते, पँटच्या खिशात किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत पडून राहते, आणि वेळ आली की ताणून पाच-सहा किलो संत्री घेते. सोबत राहील तीच थैली फेऱ्या करील. म्हणून ज्याच्या घरी खिशात मावेल अशी कसलीही कापडी थैली आधीच आहे आणि ती रोज वापरात आहे, त्याने क्रोशाची विणूच नये, असे मी स्पष्ट सांगतो.

विणायची तर मग जाळीच विणावी, आणि ती डोके वापरून विणावी, कारण क्रोशाच्या थैलीविषयीच्या बहुतेक तक्रारी विणकामातल्या चुकांच्या असतात. 'भरली की गुडघ्यापर्यंत लोंबते' ही त्यांतली पहिली. टेबलक्लॉथचा बारीक दोरा घेतला तर काम महिनाभर पुरते आणि बंद हाताला कापतो. त्याऐवजी चार किंवा आठ पदरी सुती दोरा आणि साडेतीन-चार मिलिमीटरची सुई घ्यावी. मध्यावर कडी करून तिच्यात सहा मुके खांब घालायचे आणि पुढच्या प्रत्येक फेरीत सारख्या अंतरावर सहा वाढवत जायचे, म्हणजे बूड ताटलीसारखे सपाट बसते. हे बूड मुक्या खांबांचे घट्टच ठेवावे, जाळीचे नको. लिंबू, मिरची खाली पडते ती बुडात जाळी असल्यामुळे. त्याच्यावर पाच साखळ्या आणि एक मुका खांब अशा कमानी, आणि पुढच्या फेरीत मागच्या कमानीच्या मध्यावर मुका खांब, अशी जाळी चढवत न्यायची. जाळी ओझ्याने लांबतेच, म्हणून रिकामी थैली मुद्दाम आखूड ठेवायची, वीतभर उंच किंवा थोडी जास्त. तोंडाला पुन्हा चार-पाच फेऱ्या मुक्या खांबांच्या, आणि बंद दोन पदरी दोऱ्याचा, निदान तीन बोटे रुंद, आखूड. सगळा भार बंदाच्या सांध्यावर येतो, तेव्हा तिथे शिवण दुहेरी हवी. अशी थैली एखाद्या कमानीत तुटली तरी सुयांवरच्या विणाईसारखी ओळीने उसवत जात नाही, कारण क्रोशाचा प्रत्येक टाका आपापल्या जागी अडकलेला असतो. तुटलेल्या ठिकाणी चार साखळ्या घालून ती पुन्हा चालती होते. सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, भिजलेली मेथी यांसाठी आत जुन्या धोतराचा एक तुकडा ठेवला की काम भागते. साखर, डाळ, पीठ या थैलीत आणू नये. ते पँटच्या थैलीचे काम.

एवढे पटल्यावर भाच्याला उत्साह येतो आणि तो दुसऱ्या टोकाला जातो. "मग मावशी, बचत गटातल्या बायांना शिकव. यात्रेला येणाऱ्या भक्तांना विका. गावाला रोजगार होईल." या सूचनेला मावशी कदाचित हो म्हणेल. मी नाही म्हणतो. एका थैलीला सरावलेल्या हातालाही आठ-दहा तास लागतात, म्हणजे पुरता एक रोज. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. तेवढीच मजुरी धरली आणि सुताची किंमत मिळवली तरी थैली चारशेच्या घरात जाते. भाजीच्या थैलीला चारशे रुपये कोण देणार? मग ती दीडशेला विकली जाणार, आणि फरक बाईच्या अंगावर पडणार. ही कल्पनेतली भीती नाही. आंध्रातल्या नरसापूरला क्रोशाच्या लेसचा मोठा धंदा उभा राहिला, माल परदेशी गेला, व्यापारी मोठे झाले. मारिया मीस यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की तिथल्या बायकांचे दिवसभराचे श्रम 'घरबसल्या फावल्या वेळचे काम' समजले गेले आणि त्यामुळेच त्यांना नगण्य मजुरी मिळाली. क्रोशाची आणखी एक गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी. सुयांवरची विणाई यंत्राने होते, कापड मागावर होते, पण खरा क्रोशा करणारे यंत्र बाजारात नाही. क्रोशाची वस्तू स्वस्त मिळत असेल तर कुणाच्या तरी हाताला मजुरी कमी मिळाली, एवढे त्यावरून खात्रीने म्हणता येते. बचत गटाला काम हवे असेल तर शिलाई मशीनवर जाड मांजरपाटाच्या थैल्या शिवाव्यात; दिवसात कितीतरी होतात, बाईला रोज सुटतो आणि दुकानदाराला भाव परवडतो.

"म्हणजे घरासाठी विणताना बाईचा वेळ फुकट, अन् विकताना मात्र त्याची किंमत?" भाचा अडवतो. बरोबर अडवतो. घरातला वेळही फुकट नसतो, आणि क्रोशाची हौस बायकांची, पर्यावरणाची काळजीही बायकांची, असे वाटप कुठेही न्यायाचे नाही. म्हणूनच मी एकच थैली म्हणतो. आठ-दहा तासांचे श्रम एकदा घालून पाच-सात वर्षे वापरायची वस्तू मिळत असेल, आणि ती विणणाऱ्या हाताला ते काम आवडत असेल, तर तो वेळ वाया गेला असे म्हणता येत नाही. तेच श्रम बाराव्या थैलीत, वाढदिवसाच्या भेटीत, लग्नाच्या आहेरात ओतले तर सूतही वाया आणि डोळेही. शिवाय सुई कुणा एकाच्या हातची नाही. मासे धरायची जाळी पुरुषही विणत आले आहेत. साखळी आणि मुका खांब शिकायला भाच्यालाही एक दुपार पुरेल. त्याच्या खिशातली थैली त्याने स्वतः विणावी, ही मावशीची अट मला रास्त वाटते.

राहिला गावाचा प्रश्न. एका घराच्या एका थैलीने रिद्धपूरची नाली मोकळी होणार नाही, हे भाचा म्हणण्याआधी मीच कबूल करतो. ते काम दंडाचे, ग्रामपंचायतीचे आणि पन्नी बनवणाऱ्या कारखान्यावर लक्ष ठेवणाऱ्यांचे आहे. बंदीला इतकी वर्षे होऊनही भाजीवाल्याकडे पन्नी सापडते, कारण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येते आणि गिऱ्हाईक परत पाठवणे भाजीवाल्याला परवडत नाही. दंड मात्र त्यालाच होतो. कायदा मालाच्या बाजूने आवळता येतो, गिऱ्हाइकाचा रिकामा हात गिऱ्हाइकानेच भरायचा असतो. यात्रेला येणाऱ्या भक्तांनी देवापुढे ठेवायचे विडा आणि उपहाराचे सामान घरूनच थैलीत आणले, तर देवस्थानाच्या गावात ज्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी असते त्याच दिवशी सगळ्यात कमी पन्नी सांडेल.

तेव्हा सुई आणि सुती दोरा घरात असेल तर एक थैली विणा. घरात जो बाजार करतो त्याच्या खिशात ती ठेवा, कमान तुटली तर दुरुस्त करा, मळली तर धुवा. आणि पहिली पुरती झिजेपर्यंत दुसरी विणायला घेऊ नका.